जरीपटक्यातलं निकालवाचन

२७ जुलै २०२५, रविवार. नागपूरच्या जरीपटका कब्रस्तानात काही माणसं एका कबरीभोवती जमली. त्यांच्याजवळ मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल होता, तो त्यांनी कबरीपाशी वाचून दाखवला. निकाल लागून सहा दिवस झाले होते. ज्याच्याबद्दल तो लागला, त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

कबरीत होता कमाल अन्सारी, बिहारच्या मधुबनी जिल्ह्यातला. निकाल वाचायला आलेल्यांत होते अब्दुल वाहिद शेख, मुंबईचे शाळामास्तर. दोघांना एकाच वर्षी अटक झाली, खटलाही एकच. एक शाळेत परतला आणि दुसरा नागपूरच्या मातीत गेला. ही गोष्ट त्या दोघांची आहे. आरोप नावाची गोष्ट माणसाचं काय करते, हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसेल असं मला वाटत नाही, म्हणून ती सविस्तर सांगतो.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या सात लोकल गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. कचेरीतून घरी निघालेली १८० हून अधिक माणसं गेली, ८०० हून अधिक जखमी झाली. त्या रात्री इस्पितळांच्या व्हरांड्यांत आपला माणूस शोधत फिरणाऱ्यांचं दुःख आजही संपलेलं नाही. पुढचं सगळं वाचताना ते डोळ्यांआड होऊ देऊ नका, कारण त्यांच्यावरही पुढे अन्यायच झाला.

एवढं मोठं कांड झालं की शहराला उत्तर हवं असतं, आणि लगेच हवं असतं. वर्तमानपत्रं रोज विचारतात, विरोधक विचारतात, दिल्लीहून विचारणा होते. तपास दहशतवादविरोधी पथकाकडे गेला आणि काही महिन्यांत तेरा जणांना अटक झाली. कमालवर आरोप होता की त्याने पाकिस्तानी माणसांना नेपाळच्या सीमेवरून आत आणलं आणि माटुंग्याच्या गाडीत बाँब ठेवला. वाहिद शेखांवर आरोप होता की त्यांच्या मुंब्र्याच्या घरात त्या पाकिस्तान्यांना आसरा मिळाला. तेराही जणांवर महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे मोक्का, लावला गेला.

गोष्टीची किल्ली मोक्कात आहे. आपल्याकडे पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातच ही तरतूद होती. चार भिंतींच्या आत माणसाकडून काय काय वदवून घेता येतं, हे इंग्रजालाही ठाऊक होतं. १९९९ च्या मोक्काने ही भिंत पाडली. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब या कायद्याखाली ग्राह्य धरला जातो. मग तपासाचा सगळा भार कशावर जाणार हे सांगायला नको. बोटांचे ठसे, रसायनं, साक्षीदार, ही सगळी किचकट कामं. सही मिळाली तर काम सोपं होतं.

बहुतेक आरोपींच्या सह्या झाल्या. वाहिद शेखांची झाली नाही. छळ सोसला पण सही केली नाही, असं त्यांनी पुढे ‘बेगुनाह कैदी’ या आपल्या पुस्तकात लिहिलं. त्या कोठडीत त्यांच्या जागी आपण असतो तर सही केली असती की नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो तेव्हा उत्तर द्यायला जीभ धजत नाही. ज्यांनी सही केली ते दुबळे होते असं म्हणण्याचा अधिकार बाहेर बसलेल्या कोणालाही नाही.

खटला नऊ वर्षं चालला. सप्टेंबर २०१५ मध्ये विशेष मोक्का न्यायालयाने बारा जणांना दोषी धरलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. तेराव्याची, म्हणजे वाहिद शेखांची, सुटका झाली. फाशीच्या पाचांत कमाल अन्सारी होता.

कमालची रवानगी नागपूर मध्यवर्ती कारागृहात झाली. रहाटे कॉलनीच्या चौकातून वर्धा रोडने जाताना दिसणारी ती लांबच लांब भिंत प्रत्येक नागपूरकराच्या ओळखीची आहे. पोरं शाळेत जाताना ती पाहतात आणि मोठी माणसं आपल्या घाईत तिच्याकडे न बघताच पुढे जातात. महाराष्ट्रात फाशी देण्याची सोय दोनच तुरुंगांत आहे, येरवडा आणि नागपूर. ३० जुलै २०१५ रोजी मुंबईतल्या आधीच्या बाँबस्फोटांच्या खटल्यात दोषी ठरलेल्या याकूब मेमनला याच नागपुरात फाशी दिली गेली. कमालची शिक्षा सुनावली गेली तेव्हा त्या फाशीला जेमतेम दोन महिने झाले होते. म्हणजे इथे फाशी खरंच दिली जाते, हे तिथल्या फाशीच्या यार्डात येणाऱ्या माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. ही तरतूद कैद्याच्या रक्षणासाठी आहे आणि ती असायलाच हवी. पण ते कायम होणं किंवा रद्द होणं किती दिवसांत व्हावं, याला मुदत नाही. २०१५ साली उच्च न्यायालयात गेलेल्या या प्रकरणाच्या सलग सुनावणीसाठी स्वतंत्र खंडपीठ बसायला जुलै २०२४ उजाडला. मधली नऊ वर्षं फाशीच्या कैद्याने काय करायचं? जन्मठेपेचा कैदी निदान दिवस मोजू शकतो, किती गेले, किती राहिले. फाशीच्या कैद्याला मोजायलाच काही नसतं. पॅरोल नाही, फर्लो नाही. जवळ येणाऱ्या पावलांचा आवाज जेवण घेऊन आलाय की निरोप, हे दार उघडेपर्यंत कळत नाही. आणि ज्याला आपण काही केलेलं नाही हे ठाऊक आहे, त्याच्या मनाला तर पश्चात्तापाचाही आधार नाही. अपराध्याला निदान कारण माहीत असतं. निरपराध्याला ‘का’ हाच प्रश्न रात्रंदिवस कुरतडत राहतो.

हे मी नुसत्या कळवळ्याने म्हणत नाही. केंब्रिजचे मनोविकारतज्ज्ञ एड्रियन ग्राउंड्स यांनी चुकीने शिक्षा भोगून सुटलेल्या १८ पुरुषांची तपासणी केली, तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. या माणसांचा स्वभावच कायमचा पालटला होता. संशयी झाले होते, घरच्यांपासून मनाने तुटले होते, साधी रोजची कामंही त्यांना अवघड जात होती. युद्धातून किंवा मोठ्या आपत्तीतून वाचलेल्यांच्या मनावर जशा खुणा राहतात तशाच या खुणा होत्या. यांतली बरीच माणसं तुरुंगात जाण्याआधी ठणठणीत होती. सुटका झाली की सगळं आपोआप पूर्ववत होतं, हा आपला भ्रम आहे. बायकोने इतकी वर्षं एकटीने रेटलेला संसार, बाप परका वाटणारी मुलं, शेजाऱ्यांची चोरटी नजर, या सगळ्यात सुटून आलेल्याला पुन्हा आपली जागा शोधावी लागते, आणि पुष्कळांना ती सापडत नाही.

वाहिद शेखांना ती सापडली, पण फुकट नाही. नऊ वर्षांत वडील गेले, आईचं मन खचलं, बायकोने मुलं एकटीने वाढवली, डोक्यावर कर्ज झालं. तुरुंगात असतानाच त्यांनी कायद्याचं शिक्षण घेतलं, सुटल्यावर पुन्हा शाळेत शिकवू लागले, तुरुंगातल्या लेखनावर पीएच.डी. केली. त्यांच्या आयुष्यावर ‘हेमोलिम्फ’ हा चित्रपट निघाला. आणि सुटल्याच्या दिवसापासून उरलेल्या बारा जणांसाठी ते बोलत राहिले. आपण सुटलो, आता नको ती ब्याद, असं म्हणून हा माणूस मोकळा होऊ शकला असता आणि त्याला कोणी नावं ठेवली नसती. मला या गोष्टीत त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. नागपुरात खाट मिळत नव्हती, ऑक्सिजन मिळत नव्हता, स्मशानघाटांवर रांगा होत्या. ज्यांनी तो महिना या शहरात काढला त्यांना त्याचं वर्णन ऐकवण्याची गरज नाही. त्या लाटेत तुरुंगातला कमाल अन्सारी गेला. घर मधुबनीत, माती जरीपटक्यात. कागदोपत्री तो गेला तेव्हा मुंबईतल्या लोकलमध्ये बाँब ठेवणारा, फाशीची शिक्षा झालेला दहशतवादी होता. त्याच्या मुलांनी पुढची चार वर्षं हीच ओळख सांभाळली.

२१ जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. किलोर हे नाव नागपूरकरांच्या परिचयाचं, त्यांनी नागपूर खंडपीठात वर्षानुवर्षं वकिली केली. साडेसहाशेहून अधिक पानांच्या त्या निकालात खटल्याची एकेक वीट काढून पाहिली आहे. कबुलीजबाबांमधले काही भाग शब्दशः सारखे निघाले. ते छळ करून घेतल्याच्या आरोपाला वैद्यकीय नोंदींचा आधार होता. ज्या टॅक्सीचालकांनी आरोपींना ओळखलं, ते घटनेनंतर शंभरहून अधिक दिवस गप्प होते. ज्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याने ओळखपरेड घेतली, त्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. स्फोटात कोणत्या प्रकारचा बाँब वापरला हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. त्या संध्याकाळी नागपूरच्या तुरुंगातून दोघे बाहेर पडले, त्यांत एक फाशीचा कैदी एहतेशाम सिद्दीकी होता. तारुण्यात आत गेलेली ही माणसं १९ वर्षांनी बाहेर आली.

न्यायाच्या दृष्टीने पूर्ण सांगायचं तर हेही सांगायला हवं. राज्य सरकार लगोलग सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलैला त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. अपिलाचा शेवटचा शब्द तिथे ठरेल.

उच्च न्यायालयाने निकालाच्या सुरुवातीलाच एक मुद्दा मांडला आहे, तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा देणं वेगळं आणि कोणाला तरी उभं करून प्रकरण सुटल्याचा देखावा करणं वेगळं. अशा देखाव्याने लोकांना समाधान वाटतं, पण धोका मोकळाच राहतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो. म्हणताना आपलं लक्ष संन्याशावर असतं, हळहळ त्याच्यासाठी वाटते. मोकळा फिरणारा चोर आपण विसरतो. १८० हून अधिक कुटुंबांना १९ वर्षं सांगितलं गेलं की तुमच्या माणसाचे मारेकरी सापडले. आज त्यांच्या हाती काय आहे?

मोकळा राहिलेला चोर पुढे काय करतो ते पाहा. लंडनमध्ये १९५० साली टिमोथी इव्हान्स या तरुणाला आपल्या मुलीच्या खुनाबद्दल फाशी दिली गेली. त्यानेही पोलिसांपुढे कबुली दिली होती. त्याच घरात खालच्या मजल्यावर राहणारा जॉन क्रिस्टी सरकार पक्षाचा महत्त्वाचा साक्षीदार होता. तीन वर्षांनी त्या घरात आणखी बायकांची प्रेतं सापडली आणि खुनी क्रिस्टीच असल्याचं उघड झालं. १९६६ मध्ये इव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली. इव्हान्सच्या फाशीनंतर क्रिस्टीने ज्या बायकांना मारलं, त्या एका खोट्या निकालाच्या बळी होत्या.

मेल्यावर निर्दोष ठरलेला कमाल हा नागपूरच्या तुरुंगातला पहिला माणूस नव्हे. गडचिरोलीचा आदिवासी तरुण पांडू नरोटे २०१३ मध्ये माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून पकडला गेला. २०१७ मध्ये प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांच्यासोबत गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. २५ ऑगस्ट २०२२ रोजी तो नागपुरात आजारपणाने गेला. दोन महिनेही झाले नाहीत, १४ ऑक्टोबरला नागपूर खंडपीठाने सगळ्यांना सोडलं. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी स्थगित केला, पुढे प्रकरण पुन्हा ऐकायला पाठवलं, आणि ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने दुसऱ्यांदा सगळ्यांना सोडलं, आरोप सिद्ध होत नाहीत असं सांगून. चाकाच्या खुर्चीवरचे साईबाबा दोन दिवसांनी बाहेर आले. आत असताना आई गेली, तिचं शेवटचं दर्शन घ्यायला परवानगी मिळाली नव्हती. दिल्लीतल्या महाविद्यालयातली नोकरी गेली होती. सात महिन्यांनी, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, तेही गेले. त्यांच्या विचारांशी कोणाचं जमो वा न जमो, नव्हे, माझंही सगळं जमत नाही. पण विचार पटत नाहीत म्हणून माणसाची दहा वर्षं घ्यायची मुभा कोणालाही नाही.

आता कायद्याकडे वळू, कारण वाचक विचारेल, मग भरपाई काय? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत निराधार अटकेची भरपाई लिहिली आहे. रक्कम आहे जास्तीत जास्त एक हजार रुपये. खोटी माहिती देऊन सरकारी नोकराला कोणाविरुद्ध कामाला लावणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली शिक्षा आहे. दुसऱ्याला इजा करायच्या हेतूने, खोटा आहे हे ठाऊक असताना गुन्ह्याचा आरोप करणाऱ्यास कलम २४८ खाली पाच वर्षांपर्यंत, आणि आरोप फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्याचा असेल तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फाशी व्हावी म्हणून खोटा पुरावा रचणाऱ्याला जन्मठेप होऊ शकते. कागदावर सगळं आहे. प्रत्यक्षात ही कलमं क्वचित लागतात, आणि गणवेशातल्या माणसाला लागणं त्याहून क्वचित.

इथे एक सावधगिरी पाळायला हवी. आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तो करणारा खोटा बोलला, असं नसतं. साक्षीदार फुटतात, पुरावा हरवतो, तपास आळशी असतो. अत्याचार सोसलेली बाई किंवा मारहाण झालेला दलित मजूर पोलीस ठाण्याची पायरी चढतो तेव्हाच त्याची छाती धडधडत असते. उद्या खटला पडला तर तुलाच आत टाकू, अशी भीती त्याला घातली तर अन्याय झालेले गप्प बसतील आणि अन्याय करणारे माजतील. म्हणून कायद्याने शिक्षेसाठी जाणूनबुजून आणि हेतूने हे शब्द घातले आहेत, ते तसेच राहावेत. शिक्षा त्याला व्हावी ज्याने खोटं ठाऊक असून रचलं. आणि भरपाई सरकारने द्यावी, कारण आरोप कोणीही केला तरी माणसाला कोठडीत ठेवतं ते सरकार.

एका खटल्यात ही भरपाई थोडी तरी झाली. २००३ मध्ये नाशिकजवळ बेलतगव्हाणला पेरूच्या बागेतल्या झोपडीत दरोडा पडला, पाच जणांची हत्या झाली, अत्याचार झाले. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना पकडलं. खालच्या कोर्टाने सगळ्यांना फाशी दिली, उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्याच सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी, फेरविचारानंतर, सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्या हल्ल्यातून वाचलेल्या आईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंमधून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं. त्या चौघांचा तपासच झाला नाही आणि ही गोष्ट खटल्यात दडवली गेली. सहा जणांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितलं आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. सोळा वर्षांचे पाच लाख. तरी निदान न्यायालयाने चूक झाली हे उघडपणे मान्य केलं.

या सहा जणांवर संशय गेला तो काही आकाशातून पडला नव्हता. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, कित्येक जमातींना जन्मतःच चोर ठरवलं. कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का गेला नाही. एकदा नाव कानफाट्या पडलं की पडलं. खोट्या आरोपाला नेहमी तयार जमीन लागते. ज्यांच्याबद्दल आपण आधीच वाईट ऐकून बसलो आहोत, भटक्यांबद्दल, मुसलमानांबद्दल, आदिवासींबद्दल, त्यांच्यावर आरोप आला की आपण पुरावा मागत नाही. आगीशिवाय धूर निघतो का, एवढं म्हणून आपण जेवायला बसतो.

आणि आरोपाला नेहमी पोलीस आणि कोर्ट लागतंच असंही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना गावकऱ्यांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असा संदेश मोबाईलवर फिरत होता. आरोप, खटला, निकाल, शिक्षा, सगळं एका दुपारी उरकलं. तो संदेश पुढे पाठवणाऱ्यांतल्या बहुतेकांनी कोणावर हातही उगारला नसेल. माझी खात्री आहे की त्यांतले कित्येक जण स्वतःला पापभीरू समजत असतील.

आता पुन्हा भरपाईकडे. वाहिद शेखांनी २०२५ मध्ये आपल्या नऊ वर्षांसाठी नऊ कोटी रुपयांची भरपाई मागितली. रक्कम ऐकून कोणाचे डोळे विस्फारले तर त्याने आपल्या आयुष्यातली नऊ वर्षं, मुलांचं बालपण, आईवडिलांचे शेवटचे दिवस विकायला काढून भाव सांगावा.

विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपला २७७वा अहवाल दिला, तो याच विषयावर आहे. चुकीच्या खटल्याचा बळी ठरलेल्याला भरपाईचा हक्क असावा, त्यासाठी विशेष न्यायालयं असावीत, पैशांखेरीज समुपदेशन, शिक्षण, नोकरीसाठी मदत आणि कपाळावरचा शिक्का पुसण्याची सोय असावी, अशा त्याच्या शिफारशी आहेत. त्याचा कायदा अजून झालेला नाही. दिल्लीची वाट पाहायलाच हवी असं नाही. फौजदारी कायदा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. कबुलीजबाबाला मोकळीक देणारा मोक्का महाराष्ट्राने स्वतःच केला होता, तर भरपाईचा कायदाही महाराष्ट्र स्वतः करू शकतो.

दर हिवाळ्यात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं. सिव्हिल लाइन्समधल्या विधानभवनावर मोर्चे निघतात, निवेदनं दिली जातात. वाचकहो, तुमचे आमदार या डिसेंबरात इथेच असतील. विधी आयोगाच्या त्या अहवालाची प्रत त्यांच्या हातात ठेवा, आणि भरपाईचा महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा या अधिवेशनात मांडणार का, हे तोंडावर विचारा.